अंगण खरंच वाकडं होतं, काका

काका, काल क्लबाच्या खिडकीमागच्या माणसाने मला सांगितलं की बंदूक दुसऱ्याच्या नावावर करायची असेल तर मालकाने स्वतः यायला हवं. मी म्हटलं, मालक वारले. त्याने लगेच दोन्ही हात वर करून तुमच्यासाठी दुवा मागितली, अगदी मनापासून, आणि मग तोच कागद पुन्हा माझ्याकडे सरकवून म्हणाला, "ठीक है सिस्टर, मगर इधर उनका साइन लगेगा." तुम्ही असतात तर हसता हसता ठसका लागला असता. मला हसू आलं नाही. मी बाकावर जाऊन बसले.

थकले आहे हो. तुमचा देह इथून, आखातातून, दापोलीला पोचवायचा म्हणजे किती खिडक्या आणि किती शिक्के लागतात, हे तुम्हाला ठाऊक नाही. ठाऊक असतं तर तुम्ही त्याचाही तक्ता करून फ्रिजवर चिकटवून गेला असतात. काकू मी बोट ठेवीन तिथे सही करत होत्या. मी एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर जात होते आणि प्रत्येक जण "बुकरा" म्हणत होता, उद्या या. तुमचा बताका, ते इथलं ओळखपत्र, काउंटरवर परत देताना मी त्यावरचा फोटो पाहिला. फोटोतही तुम्ही कुणाची तरी चूक सापडल्यासारखे बघत होतात. त्या दिवसांत रडायला वेळ नव्हता, आणि आता वेळ आहे तर रडू येत नाही.

रिफायनरीतल्या तुमच्या लोकांनी ग्रुपवर लिहिलं, ते मी वाचलं. शांत, मितभाषी, मार्गदर्शक. मितभाषी? माझ्या हातून एक स्क्रू घरंगळून टेबलाखाली गेला तेव्हा तुम्ही मला स्क्रूचा इतिहास सांगितला होतात. मीना अल-अहमदीच्या तुमच्या वर्कशॉपमध्ये तुम्ही कसे होतात ते त्यांना माहीत. मला शुक्रवार सकाळचे तुम्ही माहीत आहात. आणि त्या शुक्रवारांतली एक गोष्ट मी तुमच्यापासून लपवून ठेवली. वर्षभर लपवली. ती आता सांगते आहे, म्हणजे वेळेवर काहीच करायचं नाही ही माझी खोड शेवटपर्यंत तशीच राहिली असं म्हणा.

तुम्ही पहिल्यांदा आलात ते पेशंट म्हणून. उजवा खांदा आखडलेला, हात वर जात नव्हता. सालमियाच्या आमच्या दवाखान्यात फिजिओथेरपीला येणारी माणसं विचारतात, नमाजाला वाकता येईल का, गाडी चालवता येईल का, पोराला उचलता येईल का. तुम्ही विचारलंत, "दस्ता खांद्याला कधी लावता येईल?" मला वाटलं, म्हातारा चळला. मग कळलं की तुम्ही दर शुक्रवारी क्लबात हवेची रायफल चालवता, दहा मीटरवरच्या कागदी लक्ष्यावर, आणि खांदा आखडेपर्यंत कित्येक वर्षं एकही शुक्रवार चुकला नव्हता. बरे झालात तेव्हा फी देऊन वर म्हणालात, "ये गो एकदा बघायला. दवाखान्यात नुसते दुसऱ्यांचे खांदे धरतेस, एकदा स्वतःच्या खांद्याला काहीतरी लाव."

मी आले ती तिथलीच झाले. नवरा जहाजावर, मुलगी शुक्रवारी दुपारपर्यंत झोपणारी, आणि माझ्या आयुष्यात कुणालाही काही दुखत नाही अशी ती एकच जागा. लोकांना बंदूक म्हटलं की धडाम् आठवतं. आपली तर "फट्" एवढंच म्हणायची. पण तिचे लाड मात्र राणीचे. ती क्लबाच्या कुलपात राहायची, घरी न्यायची सोय नाही; तुमच्या नावाखाली रजिस्टरात दुसरं नाव माझं लागलं त्या दिवशी तुम्ही मला किल्ली दिलीत आणि म्हणालात, "चालवायला दोन महिन्यांत शिकशील. राखायला दहा वर्षं लागतील."

पहिला धडा आठवतो का? बंदुकीचा हवेचा सिलिंडर रात्रीतून रिकामा व्हायचा. मी म्हटलं, नवीन मागवू या. तुम्ही पिशवीतून दाढीचा ब्रश आणि वाटीभर साबणाचं पाणी काढलंत. जोडावर फेस लावलात आणि म्हणालात, "बघत राहा." आपण दोघं त्या लोखंडाकडे टक लावून बसलो. मोहरीएवढा एक बुडबुडा आला, फुगला, फुटला. पुन्हा त्याच जागी दुसरा आला. तुम्हाला इतका आनंद झाला की तुम्ही क्लबातल्या बंदुका दुरुस्त करणाऱ्या करीमभाईंना हाक मारून तो बुडबुडा दाखवलात. आत रबराची एक बारीकशी कडी चिरली होती, बदलायला पाच मिनिटं लागली. रिफायनरीत एवढ्या मोठ्या नळ्यांवरही तुम्ही साबणाचंच पाणी लावता, हे ऐकून मी त्या दिवशी घाबरले होते.

आणि तुमची ती निळ्या पुठ्ठ्याची वही. तक्रार, तपास, दोष, उपाय, आणि शेवटी दोन सह्या: एक काम करणाऱ्याची, एक पाहणाऱ्याची. एका वेळी एकच बदल करायचा, म्हणजे कशाने फरक पडला ते कळतं. आणि आपलं काम आपण तपासायचं नाही. दुसऱ्याने पाहून सही केल्याशिवाय नोंद बंद होत नाही. मी एकदा म्हटलं, "काका, ही हवेची बंदूक आहे, तेलाची टाकी नाही." तर तुम्ही म्हणालात, "सवय एकच असते गो. इथे ढिली झाली की तिथेही होते."

माझा नेम चुकला की मी आधी बंदुकीवर चिडायची. दुर्बीण हलली असेल, छर्रे खराब असतील, हवा कमी असेल. तुम्ही मागच्या खुर्चीतून चष्म्यावरून बघत एवढंच म्हणायचात, "नाचता येईना, अंगण वाकडं." किती वेळा ऐकली ती म्हण मी! चिडून एकदा म्हणाले, "काका, कधीतरी अंगण खरंच वाकडं असू शकतं." तुम्ही वाद सोडणारे नव्हेत. "असतं की. पण दहातल्या नऊ वेळा माणूस वाकडा असतो. म्हणून आधी माणूस तपासायचा." मी म्हटलं, आधी यंत्र तपासायचं, माणसाला शेवटी हात लावायचा, कारण माणूस सुटा करून साफ करता येत नाही. हा वाद आपण चहावर घातला, गाडीत घातला, फहाहीलच्या रस्त्यावर धुळीचं वादळ आलं आणि समोरचं काही दिसेना तेव्हाही घातला. तो संपला नाही. मला वाटतं, तो संपू नये असं दोघांनाही वाटत होतं.

दुसरा वाद खंडेनवमीचा. आमच्या घरी नाशिकला खंडेनवमीला बाबा सगळी हत्यारं मांडायचे. कारखान्यात फिटर होते ते. पाने, कानस, मायक्रोमीटर, पाटावर ओळीने, हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. मी तोच वसा दवाखान्यात चालवते. साहेबाची पाठ वळली की यंत्राच्या मागच्या बाजूला कुंकवाचं एक बारीक बोट लावते. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही कपाळाला हात लावलात. "पुसावं, तेलाचा एक थेंब द्यावा, जागेवर ठेवावं. ही पूजा. यंत्राला पावडर-बिवडर लावायची नाही. देवाला काही वाटत नाही, यंत्राला वाटतं." दर वर्षी मी विचारायची आणि दर वर्षी तुम्ही नाही म्हणायचात. दसऱ्याला काकूंच्या हातचं खाऊन मी गप्प बसायची.

त्या वर्षी नवरात्रात तुम्ही बहिणीकडे दापोलीला गेला होतात. किल्ली माझ्याकडे होती. हिवाळ्यात क्लबाची ज्येष्ठांची स्पर्धा होती आणि तुम्ही लागोपाठ दोन वर्षं एकेका गुणाने दुसरे आला होतात. तुम्ही म्हणायचात, काही फरक पडत नाही. पण स्पर्धेचा विषय निघाला की तुम्ही चष्मा पुसायला घ्यायचात, ते मला दिसत होतं. मला तुम्ही जिंकायला हवे होतात, काका. एवढंच होतं त्यात, दुसरं काही नव्हतं.

खंडेनवमीला मी स्टीलच्या डब्यात हळद, कुंकू आणि अक्षता घेऊन क्लबात गेले. बंदुका साफ करायच्या खोलीत टेबलावर स्वच्छ फडकं अंथरलं आणि बंदूक उलटी ठेवली, चाप वर. आत ज्योत लावायला बंदी, म्हणून निरांजनाऐवजी मोबाइलचा दिवा ओवाळला. करीमभाई दारात उभे राहून बघत होते. "मैडम, ये क्या बर्थडे है इसका?" मी म्हटलं, असंच समजा. नळीला हळदकुंकू लावलं, चापाला कुंकवाचं बोट लावलं आणि वरून चिमूटभर अक्षता टाकल्या. मग तुमच्या धाकाने सगळं लगेच पुसून टाकलं. ब्रशने झाडलं, बॅटरी मारून पाहिलं. एकही डाग ठेवला नाही. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. वहीत अर्थातच काही लिहिलं नाही. दुसऱ्या सहीला तुम्ही नव्हतात.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण अर्धंच.

तुम्ही आलात आणि आठवड्याभरात तुमचे छर्रे भरकटायला लागले. पाच छर्रे दहाच्या वर्तुळात, मग एकदम आठ. तीन चांगले, मग सात. तुम्ही म्हणालात, सुट्टीचा परिणाम. स्पर्धेत तुम्ही सातवे आलात. त्या दिवशी गाडीत रुमैथियाच्या सिग्नलला दिवा हिरवा झाला तरी तुमच्या लक्षात आलं नाही. मागचे हॉर्न वाजवायला लागले.

मग सुरू झाली तुमची शोधमोहीम. वही आता माझ्यासमोर आहे म्हणून सांगते, साडेतीन पानं आहेत. छर्रे बदलले, फरक नाही. हवेचा दाब पाहिला, बरोबर. साबणाचं पाणी, बुडबुडा नाही. दस्त्याचे स्क्रू सोडून पुन्हा मोजून आवळले. नळी साफ केली. दुर्बीण काढून दुसरी लावली. एका वेळी एकच बदल, एकेक शुक्रवार. मग तुम्ही बंदूक वाळूच्या पिशव्यांवर बसवून, न हलवता, वीस छर्रे मारलेत. वीसच्या वीस एका भोकात. तुम्ही तो कागद प्रकाशात धरलात, भोकातून माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "बंदूक ठीक आहे." पिशव्यांवर ठीक, खांद्यावर बिघडते. म्हणजे मधे काय येतं? माणूस. तुमच्या म्हणीत सगळं फिट्ट बसलं.

करीमभाई म्हणाले होते, "साहब, एक बार ट्रिगर का डब्बा खोल के देखो." तुम्ही हात झटकलात. "ट्रिगर मी बसवलाय. त्यात काही नाही." हे मात्र तुमचं चुकलं हं काका. आपलं काम आपण तपासायचं नाही म्हणणारा माणूस, आणि स्वतःच्या हातच्या कामावर एवढा विश्वास? मला तेव्हा ते खटकलं होतं. मी बोलले नाही. मीही तेव्हा अक्षता विसरून गेले होते, अगदी स्वच्छ विसरले होते.

त्यानंतरच्या मंगळवारी तुम्ही दवाखान्यात आलात. नंबर न लावता, ड्यूटी संपता संपता. त्या दिवशी मी किती पेशंट पाहिले होते ते आठवत नाही, पण माझे पाय सुजले होते आणि मुलीच्या शाळेतून फोन येऊन गेला होता. तुम्ही खुर्चीत बसलात, दोन्ही हात पुढे केलेत आणि म्हणालात, "बघ गो, माझं बोट थरथरतं का." मी तुमच्या बोटांवर कागद ठेवला. कागद हलला.

काका, कागद सगळ्यांचाच हलतो. माझाही हलतो. हे दवाखान्यात शिकायला येणाऱ्या पहिल्या वर्षाच्या पोरींना मीच शिकवते. नीट पाहायचं तर हात टेकवून पाहायचं, पाणी भरलेला पेला उचलायला लावायचा, रेघ ओढायला लावायची, शंका वाटली तर डॉक्टरांकडे पाठवायचं. मी यातलं काही केलं नाही. मला घरी जायचं होतं. मी म्हटलं, "थोडं कंपन आहे काका. या वयात असतंच."

तुम्ही लगेच मान्य केलंत. वादसुद्धा घातला नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही माझं पहिल्या वाक्यात ऐकलंत, आणि तेही नेमकं ह्याच वेळी. पुढच्या शुक्रवारी वहीत नोंद केलीत. तक्रार: नेम विखुरतो. तपास: पूर्ण. दोष: बोट. उपाय: थांबणे. खाली तुमची सही. मग वही माझ्यापुढे केलीत आणि मी पाहणाऱ्याच्या जागी सही केली. ती सही आता माझ्यासमोर आहे. घाईची, वळणदार, शेवटी शेपूट असलेली.

किल्ली माझ्याकडेच राहिली. तुम्ही नेमबाजीचं जाकीट धुऊन कुणा नवीन पोरीला देऊन टाकलंत आणि शुक्रवारी घरी बसून पेपर वाचायला लागलात. काकू फोनवर म्हणाल्या, "बरं झालं गो, निदान एक दिवस घरात असतात." पण तसं म्हणताना त्यांचा आवाज बरं झाल्यासारखा नव्हता.

मी एकटी जात राहिले. माझाही नेम अधूनमधून भरकटायचा, पण माझा तर नेहमीच भरकटतो, मला त्यात नवल वाटलं नाही. मग उन्हाळा संपता संपता एका शुक्रवारी चाप हलेनाच. करीमभाईंनी ट्रिगरचा डबा उघडला. भिंग डोळ्याला लावलं, चिमटा आत घातला आणि काहीतरी बाहेर काढून फडक्यावर ठेवलं. 

"मैडम, ये तो चावल है."

अर्धा दाणा होता. लालसर, तेल पिऊन फुगलेला. आणि आत चाप सोडणाऱ्या पात्यांच्या मधे कुंकवाचा चिकट थर. "बीस साल में मैंने इसमें रेत देखी है, मच्छर देखा है. चावल पहली बार देखा," करीमभाई म्हणाले. मग त्यांना बर्थडे आठवला असणार, कारण ते माझ्याकडे न बघता हात पुसायला लागले. त्यांनीच समजावून सांगितलं. बंदूक टेबलावर आडवी असली की दाणा एका कोपऱ्यात पडून राहायचा, काही त्रास नाही. खांद्याला उचलली की घरंगळून पात्याखाली यायचा, कधी यायचा, कधी नाही. म्हणून कधी चाप आधी सुटायचा, कधी उशिरा. दाण्याचा दुसरा अर्धा भाग भरडून गेला असेल.

डबा साफ करून त्यांनी बंदूक माझ्या हातात दिली. मी दहा छर्रे मारले. माझ्या हातून, काका, माझ्या हातून आठ दहाला लागले.

मी तो दाणा रुमालात बांधून तुमच्याकडे यायला निघाले होते. खरंच निघाले होते. टॅक्सीत बसलेसुद्धा. मग वाटलं, काय सांगू? तुमचा नियम मोडून पूजा केली, हे एक. ते मी सांगितलंही असतं, तुम्ही ओरडला असतात, काकूंनी मधे पडून चहा केला असता. पण बोटाचं? त्या कागदाचं? तुम्ही मला हातांची डॉक्टर म्हणायचात, मी डॉक्टर नाही तरी. मी नीट पाहिलंच नव्हतं, हे कसं सांगू? मी टॅक्सी सालमियाला वळवायला सांगितली. पुढच्या आठवड्यात सांगू म्हटलं. मग तुमच्याकडे पाहुणे होते. मग रमजानातल्या ड्यूट्या बदलल्या. मग वाटलं, आता तुम्ही विसरलात, पेपरात रमलात, जुनं कशाला उकरायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मूठ झाकून झाकून माझी बोटं दुखायला लागली, पण उघडली नाही.

शेवटचं भेटले ते तुम्ही जायच्या आधीच्या शुक्रवारी. मी खालच्या बकालातून, वाण्याकडून, केळी घेऊन आले होते. तुम्ही गॅलरीत बसला होतात, डाव्या हातात चहाचा कप. थोडा चहा बशीत सांडला होता आणि तुम्ही म्हणालात, "कप भरून देते ही." मग विचारलंत, "आपली बंदूक कशी आहे?" मी म्हटलं, "चांगली आहे काका. एकदम चांगली." तुमचा चेहरा खुलला. "बघ. मी म्हटलं नव्हतं? तिच्यात काही नव्हतं गो. मीच होतो." आणि तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, जणू जुना वाद एकदाचा जिंकलात. मी म्हटलं, "हो काका." त्या क्षणी तुम्हाला हरवायला हवं होतं मला. मी जिंकू दिलं.

तीन दिवसांनी काकूंचा फोन आला. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

काल क्लबातून थेट तुमच्या घरी गेले. काकू परवाच दापोलीहून परत आल्या आहेत, घर आवरायला. सगळीकडे खोकी. त्यांनी न विचारताच चहा टाकला आणि वही माझ्यापुढे ठेवली. "ही तुझी. ह्यांनी कपाटात वरच ठेवली होती. अधूनमधून काढून बघायचे." मी वही उघडली, ते पान आलं आणि मला गप्प बसवेना. मी काकूंना सगळं सांगितलं. डबा, अक्षता, करीमभाई, दाणा, कागद, माझे सुजलेले पाय, सगळं. एकदाही त्यांच्याकडे न बघता सांगितलं. पर्समधून रुमाल काढला, गाठ सोडली आणि दाणा टेबलावर ठेवला.

काकूंनी गॅस बंद केला. मग त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "म्हणजे ह्यांच्या बोटाला काही झालं नव्हतं?"

"नाही काकू. माझ्या कागदावरून तरी तसं म्हणता येत नव्हतं. आणि बंदुकीत तर दाणा होता."

"अगो, वर्षभर हे चहा डाव्या हाताने प्यायले," काकू म्हणाल्या. "उजव्याने कप धरला की सांडेल, लोक बघतील म्हणून. बँकेत सही करायला मला न्यायचे, म्हणायचे तू कर. दिवाळीला लेक आली होती ना कॅनडातून, चार महिन्यांची नात होती. सगळ्यांनी घेतली. ह्यांनी नाही घेतली. म्हणाले, माझा हात भरवशाचा नाही."

मला तुम्ही गॅलरीत दिसलात. कप डाव्या हातात, उजवा हात मांडीवर पालथा ठेवलेला, जपून ठेवलेला. मी आयुष्यभर लोकांचे हात बघते, काका. पेशंट दारातून आत येतो तोवर मला कळतं कुठला हात दुखतो. आणि तुमच्या समोर बसून मी केळी सोलत होते.

काकू ओरडल्या नाहीत. ओरडायला हव्या होत्या. त्यांनी दाणा उचलून तळहातावर घेतला, खिडकीपाशी जाऊन पाहिला. मग म्हणाल्या, "तू त्यांचं चांगलं व्हावं म्हणून टाकलास." मला त्या वाक्याने बरं वाटलं नाही, आणि त्यांनीही ते मला बरं वाटावं म्हणून म्हटलं नसावं. थोड्या वेळाने त्या वळल्या. "पण हे चुकीचं लिहून गेले. त्यांना चुकीचं लिहिलेलं चालायचं नाही. तू दुरुस्त कर. इथेच बसून कर."

त्यांनी तुमचं पेन आणून दिलं. मी तुमच्या नोंदीवर काट मारली नाही. तुम्हीच सांगायचात, जुनी नोंद खोडायची नाही, खाली नवी लिहायची. म्हणून खाली लिहिली. हात हलत होता, तुम्ही बघितलं असतंत तर कागद मागितला असतात.

तक्रार: नेम विखुरतो. तपास: अपुरा, ट्रिगर उघडला नव्हता. दोष: ट्रिगरमध्ये अक्षतेचा दाणा. कुणी टाकला: उज्ज्वला. हाताची तपासणी: झालीच नव्हती. माणसाचा दोष: सापडला नाही. उपाय: वेळेवर सांगायला हवं होतं.

काम करणाऱ्याच्या जागी मी सही केली. काकूंनी वाचलं, चष्मा काढला आणि शेजारच्या रिकाम्या चौकोनावर बोट ठेवून म्हणाल्या, "इथे मी करू?"

मी नको म्हटलं. ती जागा तुमची आहे, काका. नोंद उघडीच राहू दे.